उन्हाळी सुट्टीत वस्तुसंग्रहालयांची दारे किशोरवयीन मुलांसाठी उघडावीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांची उन्हाळी सुट्टी तोंडावर आली आहे आणि नेहमीप्रमाणे छंदवर्गांच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. त्या लक्षपूर्वक वाचल्या तर एक गोष्ट दिसते. बहुतेक शिबिरे पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असतात. तेरा ते सतरा या वयाच्या मुलामुलींसाठी जे असते ते शिकवणीवर्गांच्या सुट्टीतल्या तुकड्या आणि पुढच्या इयत्तेचा अभ्यासक्रम आधीच संपवण्याची घाई. आयुष्यभर माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवलेला शिक्षक या नात्याने मी आपल्या वृत्तपत्रातून एक सूचना मांडू इच्छितो. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतील, तसेच महानगरपालिका व विश्वस्त संस्था चालवत असलेल्या वस्तुसंग्रहालयांनी उन्हाळी आणि दिवाळीच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी पूर्णपणे विनाशुल्क कला कार्यशाळा घ्याव्यात, आणि हे काम एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता दरवर्षीच्या वेळापत्रकाचा भाग करावे.

याच वयोगटाचा आग्रह का, हे आधी सांगितले पाहिजे. लहान मूल बेधडक चित्र काढते. साधारण सातवी-आठवीत मात्र हात थबकतो. आपण काढलेला घोडा घोड्यासारखा दिसत नाही, हे डोळ्याला कळू लागलेले असते आणि ते दुरुस्त करण्याइतका सराव हाताला झालेला नसतो. या अवस्थेत योग्य मार्गदर्शन मिळाले नाही तर मूल ‘मला चित्रकला येत नाही’ असे ठरवून टाकते आणि पुढे जन्मभर तेच म्हणत राहते. असे किती विद्यार्थी माझ्यासमोरून गेले असतील, याची गणती करणे अवघड आहे. त्यांना गरज असते ती निरीक्षणाची सवय लावण्याची, एकाच वस्तूसमोर पुरेसा वेळ बसवण्याची आणि ती वस्तू कोणी, कशासाठी, कोणत्या हत्याराने घडवली असेल हे विचारायला शिकवण्याची. त्यासाठी वस्तुसंग्रहालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

शाळेत हे का होत नाही, असा प्रश्न वाचक विचारतील. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. तो कायदाच मुळात आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावी त्याच्या कक्षेत येत नाही. अनेक शाळांत कलाशिक्षक निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरली जात नाही आणि चित्रकलेचा तास गणित किंवा विज्ञानाच्या ज्यादा तासाकडे वळतो. जिथे शिक्षक आहे तिथे त्याचा बराचसा वेळ कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत जातो. या परीक्षांविषयी मला आदर आहे. खेड्यापाड्यांतील मुलांना रेषा, छाया आणि रंगसंगती यांची पहिली शिस्त त्यांनीच लावली. दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळू लागल्यापासून मात्र त्यांची तयारी फार यांत्रिक झाली आहे. स्मरणचित्रासाठी बाजार, जत्रा, बसथांबा अशा ठरावीक विषयांतील मनुष्याकृती मुलांकडून पाठ करून घेतल्या जातात, आणि परीक्षेत पन्नास मुलांच्या कागदांवर तीच टोपलीवाली बाई त्याच कोपऱ्यात बसलेली सापडते. स्मरणचित्र म्हणजे स्वतः पाहिलेले आठवून काढणे, हा मूळ हेतूच त्यात हरवतो.

कार्यशाळा म्हणजे नेमके काय, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या उदाहरणाने सांगतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी 1920च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावे हा सारा संग्रह उभा केला. तिथे राजेरजवाड्यांचे वैभव तुलनेने कमी आणि सामान्य माणसाच्या घरातील वस्तू अधिक आहेत: दिवे, कुलपे, दौती, पाय घासायच्या वज्री, पानदाने, कोरीव दरवाजे, वाद्ये आणि अडकित्ते. तेथील अडकित्त्यांसमोर चौदा वर्षांच्या मुलाला तासभर बसवून पाहावे. सुपारी कातरायचे एवढेच ज्या हत्याराचे काम, त्याच्या दोन मुठींना कारागिराने कुठे पक्ष्याचे, कुठे प्राण्याचे, कुठे माणसांच्या जोडीचे रूप दिले आहे. मुलाने पेन्सिलने ते रेखाटताना त्याला आधी बिजागरी समजून घ्यावी लागते, पाते कोठून वळते हे पाहावे लागते, मूठ हातात कशी बसेल याचा अंदाज घ्यावा लागतो. मग त्याच्या लक्षात येते की पक्ष्याची मान जिथे वाकली आहे तिथेच बोटांना पकड मिळते. उपयोग आणि सौंदर्य एकाच वळणात कसे साधले आहेत, हे त्याला पुस्तकातून सांगावे लागत नाही. परीक्षेच्या संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या आरेखनात, जो विचार अपेक्षित असतो, तो हाच.

त्याच मुलाला दुसऱ्या दिवशी सांगावे की आता तुझ्या घरातील एखादे हत्यार किंवा भांडे घे, त्याच्या मुठीला नवे रूप दे, आधी कागदावर आणि मग शाडूच्या मातीत. एखादी मुलगी विळीचा विचार करेल, एखादा मुलगा सायकलच्या ब्रेकचा. पुण्यातच कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथे आजही तांब्याची भांडी ठोकली जातात. तिथल्या एखाद्या कारागिराला तिसऱ्या दिवशी मानधन देऊन बोलवावे आणि त्याने मुलांसमोर तांब्याच्या पत्र्याला आकार कसा येतो ते दाखवावे. काचेच्या कपाटातील जुनी वस्तू आणि ती घडवण्याचे कसब अजून हातात असलेला माणूस मुलांना एकाच आठवड्यात भेटतील. इतके उत्तम शिक्षण आज कितीही शुल्क भरले तरी मिळत नाही. ते संग्रहालयाला सहज देता येईल, कारण वस्तू त्याच्याकडे आहेतच.

प्रत्येक संग्रहालयाचा स्वभाव वेगळा आहे आणि कार्यशाळाही त्यातूनच निघाली पाहिजे. मुंबईहून एकच साचेबंद कार्यक्रम तयार होऊन सर्व जिल्ह्यांत गेला, तर त्याचा काही उपयोग होणार नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेरचे उदाहरण घ्या. प्राचीन काळी तगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यापारी नगरीचा रोमशी संबंध होता. तिथे सापडलेल्या सातवाहनकालीन वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या, आणि त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. त्यात मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत, हस्तिदंताची कलाकुसर आहे. तेरच्या मृण्मूर्तींपैकी काही दुहेरी साच्यातून काढलेल्या, आतून पोकळ अशा आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही जोडून भाजणे, ही पद्धत मुलांना प्रत्यक्ष करून पाहता येईल. प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा आणि स्थानिक कुंभाराकडील माती एवढेच साहित्य त्याला लागते. शिवाय तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. ज्या गावाने मराठी भक्तिपरंपरेला कुंभारवाड्यातून संत दिला, त्या गावातील संग्रहालयात मुलांनी मातीत हात घालणे किती स्वाभाविक आहे! माझ्या माहितीतील अनेक शाळांच्या सहली तेरला जातात, देवळात दर्शन घेतात, संग्रहालयातून पंधरा मिनिटांत बाहेर पडतात आणि पुढच्या ठिकाणी निघतात. त्या पंधरा मिनिटांत मुलांना काय दिसत असेल, याचा विचार कोणी करत नाही.

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या वस्तू आहेत, त्यांत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्तीही आहे, आणि आबालाल रहिमान यांची चित्रेही आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेल्या, शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने रंकाळा, पंचगंगा आणि आसपासचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. मुलांनी सकाळी संग्रहालयात त्यांची निसर्गचित्रे पाहावीत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रंकाळ्यावर बसून स्वतः जलरंगात काम करावे; एकाच पाण्यावरचा प्रकाश शतकापूर्वीच्या चित्रकाराने कसा पकडला आणि आपल्याला तो का निसटतो, हे तिथेच समजेल. कोल्हापुरात चित्रकार आणि मूर्तिकारांची कमतरता नाही. शाहूपुरीतील कुंभार गल्लीपासून शहरातील कला महाविद्यालयांपर्यंत मार्गदर्शक हाकेच्या अंतरावर आहेत.

सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय तर याच विचाराने उभे राहिले असे म्हणता येईल. औंध संस्थानचे राजे आणि स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर ते उभारले. राजवाड्यातील खासगी संग्रह त्यांनी प्रजेला पाहता यावा म्हणून बाहेर आणला. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तिथे आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि बालक हे पाषाणशिल्पही आहे. खटाव तालुक्यातील एखाद्या मुलीला जगप्रसिद्ध शिल्पकाराचे मूळ काम पाहायला लंडनला जावे लागत नाही, ते तिच्या गावाजवळच्या डोंगरावर आहे, ही गोष्ट तिला कोणी सांगितली आहे का? डोळे-नाक-कान नेमके न दाखवताही आईची माया दगडात कशी येते, यावर नववीच्या मुलामुलींशी किती गंभीर चर्चा होऊ शकते, हे वर्गात असे प्रश्न विचारून पाहणाऱ्या शिक्षकांना ठाऊक आहे.

मुंबईविषयी थोडक्यात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने 2019 मध्ये स्वतंत्र बालसंग्रहालय सुरू केले, त्याआधीपासून त्यांची फिरती संग्रहालय-बस शाळाशाळांत जाते, आणि या कामाबद्दल त्यांचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतील विविध समाजांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. भायखळा, नागपाडा, लालबाग या भागांतील महापालिका शाळांच्या मुलांनी त्या पाहून आजच्या मुंबईतील कामकऱ्यांच्या प्रतिकृती घडवाव्यात: घरोघर पार्सल पोहोचवणारा तरुण, मेट्रोच्या खांबावरील वेल्डर, मासळी बाजारातील कोळीण. जुन्या शहराची नोंद ज्या पद्धतीने झाली, त्याच पद्धतीने आजच्या शहराची नोंद त्याच शहरातील मुले करतील. माझे पत्र मुख्यतः या दोन संग्रहालयांविषयी नाही, कारण त्यांच्याकडे इच्छा आणि साधने दोन्ही आहेत. जिथे पाहणारेच येत नाहीत अशा जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या संग्रहालयांची मला अधिक काळजी आहे.

आता ‘विनाशुल्क’ या अटीविषयी, कारण माझ्या सूचनेचा तोच कणा आहे. शुल्क अगदी नाममात्र ठेवावे, म्हणजे मुलांना किंमत कळते, असे सांगणारे लोक भेटतात. हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. ज्या घरात मोठी मुलगी सुट्टीत धाकट्या भावंडांना सांभाळते आणि आई चार घरची कामे करते, त्या घराला दोनशे रुपयांची रक्कम नाममात्र नसते. आणि प्रवेश फुकट ठेवला तरी कागद, रंग, ब्रश, माती घरून आणायला सांगितली, तर ती कार्यशाळा विनाशुल्क राहत नाही. पहिल्याच दिवशी एका मुलाच्या हातात परदेशी जलरंगांची पेटी आणि शेजारच्याच्या हातात वाळून तडकलेल्या वड्या, हे दृश्य मी शाळेत पाहिले आहे. त्यामुळे साहित्य संग्रहालयाने द्यावे आणि सर्वांना एकसारखे द्यावे. प्रवासाचाही विचार झाला पाहिजे. शाळेचा एस. टी. पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो, तो संग्रहालयापर्यंत चालत नाही. सहभागी मुलांना येण्याजाण्याचे भाडे मिळावे किंवा तालुक्याच्या ठिकाणाहून एखादी गाडी सोडावी. मधल्या वेळेचा नाश्ता द्यावा. सकाळी सात वाजता गावातून निघालेले मूल दुपारी एकपर्यंत उपाशी बसून चित्र काढू शकत नाही.

नोंदणीचा मुद्दा वरवर किरकोळ वाटेल, पण निर्णायक तोच ठरतो. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर ऑनलाइन नोंदणी उघडली की तासाभरात जागा भरतात, आणि त्या कोण भरते हे सांगायला नको. ज्यांचे पालक अशा सूचना रोज वाचतात, त्यांचीच मुले पोहोचतात. निम्म्या जागा तरी जिल्हा परिषद, नगरपालिका, आश्रमशाळा आणि शासकीय वसतिगृहांतील विद्यार्थ्यांसाठी राखाव्यात आणि त्यांची नावे शाळेच्या कलाशिक्षकाने, तो नसेल तर मुख्याध्यापकांनी, सुचवावीत. नावे सुचवताना फक्त ज्याचे चित्र वार्षिक प्रदर्शनात लागते त्याला निवडू नये. वहीच्या मागच्या पानावर काहीतरी खरडत बसतो म्हणून ज्याला ओरडा बसतो, त्यालाही पाठवावे. त्याला या कार्यशाळेची गरज जास्त आहे.

वेळापत्रक ठरवताना सारा महाराष्ट्र एकाच उन्हात नाही, हे लक्षात घ्यावे लागेल. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, मे महिन्यात मुलांना दुपारी बोलावणे शक्य नाही. तिथे दिवाळीची सुट्टी योग्य. उलट मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू असते, चौदा-पंधरा वर्षांचे हात त्या वेळी शेतात लागतात, आणि ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले तर त्याच दिवसांत गाव सोडतात. तिथे मे महिन्यात सकाळी साडेसात ते साडेदहा ही वेळ ठेवावी, त्यासाठी संग्रहालय नेहमीच्या वेळेआधी उघडावे लागेल आणि कर्मचाऱ्यांना बदली रजा द्यावी लागेल. दहावीची परीक्षा दिलेल्या मुलांचा वेगळा विचार करावा असे मला आवर्जून सुचवायचे आहे. मार्चमध्ये परीक्षा संपते आणि अकरावी सुरू होईपर्यंत तीन-चार महिने ही मुले मोकळी असतात. पुढे कोणत्या शाखेला जायचे, याचा निर्णय याच काळात घरात होत असतो. कलेची वाट, पुरातत्त्वाची वाट, वस्तुजतनाची वाट अशा वाटा असतात, हे त्यांना आणि त्यांच्या पालकांना कळायचे असेल तर हाच काळ आहे. यातील इच्छुक मुलांना पुढे धाकट्या मुलांच्या कार्यशाळेत मदतनीस म्हणूनही घेता येईल.

संग्रहालयातील अधिकाऱ्यांना वस्तूंच्या सुरक्षिततेची चिंता वाटणार आणि ती रास्त आहे. तिची उत्तरेही अवघड नाहीत. दालनात फक्त पेन्सिल आणि कागद चालेल. पाणी, शाई, रंग, खडू, माती यांतील काहीही आत न्यायचे नाही. दप्तरे दाराशी ठेवायची. बसण्यासाठी हलकी स्टुले द्यायची, म्हणजे कपाटांना टेकून उभे राहण्याची वेळ येत नाही. एका वेळी पंचवीस ते तीस मुलेच घ्यायची आणि त्यांचे लहान गट करून वेगवेगळ्या दालनांत पाठवायचे. रंगकाम आणि मातीकाम व्हरांड्यात, अंगणात किंवा जवळच्या शाळेच्या वर्गात होईल. ज्या मुलाने एखाद्या मूर्तीसमोर तासभर बसून तिचे रेखाटन केले, तो त्या मूर्तीवर नाव कोरणार नाही, आणि दुसरा कोणी कोरू लागला तर त्याला अडवेल, याची मला खात्री आहे. आपल्या लेण्या आणि किल्ल्यांवर खिळ्याने कोरलेली नावे पाहून हळहळणाऱ्या सर्वांनी या मुद्द्याचा विचार करावा.

मनुष्यबळाचा प्रश्न खरा आहे. संग्रहालयांत पदे रिक्त आहेत आणि असलेल्या माणसांवर नोंदवह्यांपासून पाहुण्यांच्या सरबराईपर्यंत सर्व कामे पडतात. त्यांच्यावरच आणखी भार टाकून ही योजना टिकणार नाही. पण राज्यात कला महाविद्यालये आहेत, ए. टी. डी.चा, म्हणजे कलाशिक्षक पदविकेचा, अभ्यासक्रम करणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष अध्यापनाचे पाठ द्यावेच लागतात. त्यांतील काही पाठ संग्रहालयातील कार्यशाळेत धरले जावेत, असा निर्णय कला संचालनालय घेऊ शकते. त्यांच्या सोबतीला निवृत्त कलाशिक्षक आणि स्थानिक कारागीर असले तर संग्रहालयाच्या अभिरक्षकाने फक्त वस्तूंविषयी बोलायचे, एवढेच उरते. आपल्याकडे याला एक मोठा पूर्वाधार आहे. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या, त्या तिथे जाऊन आपल्याच विद्यार्थ्यांकडून. लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच पुढे आगीत नष्ट झाल्या, पण अजिंठ्यासमोर महिनोन्महिने बसून त्या तरुणांच्या हाताला जे वळण लागले त्याचा ठसा नंतरच्या भारतीय चित्रकलेवर उमटला. श्रेष्ठ कामासमोर बसून शिकण्याची ही रीत आपल्याकडे होती, तीच शाळकरी वयापर्यंत आणायची आहे.

खर्चाचा माझा अंदाज असा. तीस मुले आणि पाच दिवस धरले तर प्रत्येक मुलामागे साहित्याला चारशे, म्हणजे बारा हजार. नाश्त्याला रोज पन्नास, म्हणजे साडेसात हजार. मार्गदर्शकांच्या मानधनाला वीस हजार. प्रवास आणि किरकोळ खर्चाला आणखी दहा ते पंधरा हजार. एकूण पन्नास-पंचावन्न हजार रुपयांत एक कार्यशाळा नीट होते. एखाद्या महोत्सवाच्या मंडपाला आणि स्वागतकमानींना याहून जास्त खर्च येतो. जिल्हा नियोजन समितीला ही रक्कम जड नाही. कंपनी कायदा 2013च्या सातव्या अनुसूचीनुसार सामाजिक दायित्व निधीतून राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन आणि पारंपरिक कला व हस्तकलांचा विकास यांवर खर्च करता येतो, त्यामुळे स्थानिक उद्योगांनाही हात पुढे करता येईल. मात्र देणगीदाराचे नाव दाराशी एका छोट्या फलकावर असावे, मुलांच्या टोप्यांवर आणि पाठीवर नसावे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. कार्यशाळेच्या नावाखाली चित्रकला स्पर्धा घेऊ नये. स्पर्धा घेणे सोपे असते. मैदान घ्यायचे, हजार मुले बसवायची, ‘पर्यावरण वाचवा’ हा विषय द्यायचा, पाहुण्यांच्या हस्ते पहिली तीन बक्षिसे आणि उरलेल्यांना प्रमाणपत्र, दुसऱ्या दिवशी छायाचित्र. त्यातून मुलांना काहीही शिकायला मिळत नाही. नऊशे सत्त्याण्णव मुले आपण कमी पडलो एवढेच घेऊन घरी जातात. त्याऐवजी कार्यशाळेतील सर्व मुलांची रेखाटने, फसलेली आणि साधलेली दोन्ही, संग्रहालयाच्याच एका भिंतीवर पंधरा दिवस लावावीत, शेजारी ज्या वस्तूवरून ती काढली तिचे नाव द्यावे. आपल्या पोरीचे काम पाहायला म्हणून जे आईवडील येतील, त्यांतील अनेकजण त्या इमारतीत पहिल्यांदाच पाऊल ठेवतील. मुलांनी आपापल्या वस्तूसाठी साध्या मराठीत चार ओळींची माहितीपाटीही लिहावी. सध्याच्या अनेक पाट्यांवर ‘पाषाण, इ. स. 11वे शतक’ यापलीकडे काही नसते.

अठरा मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आहे आणि तो दरवर्षी आपल्या उन्हाळी सुट्टीतच येतो. बऱ्याच ठिकाणी त्या दिवशी प्रवेश विनामूल्य असतो, एखादे व्याख्यान होते. यंदा त्या दिवशी नागपूर आणि अमरावती वगळता निदान प्रत्येक महसुली विभागातील एका शासकीय संग्रहालयात पाच दिवसांच्या कार्यशाळेचा आरंभ व्हावा, अशी माझी सांस्कृतिक कार्य विभागाला आणि शालेय शिक्षण विभागाला विनंती आहे. या दोन खात्यांनी एकत्र बसून एप्रिलअखेरपर्यंत ठिकाणे, तारखा, वेळा आणि शाळांकडून नावे मागवण्याची पद्धत जाहीर केली तर काम वेळेत होऊ शकते. यंदाचा अनुभव पाहून दिवाळीच्या सुट्टीत नागपूर आणि अमरावती विभागांत, आणि पुढच्या वर्षी उरलेल्या जिल्ह्यांत ही कार्यशाळा न्यावी. मुलींची संख्या निम्मी असावी आणि प्रत्येक गटासोबत एक शिक्षिका असावी, हे आदेशातच लिहिलेले बरे.

पुणे आणि परिसरातील काही निवृत्त कलाशिक्षकांशी मी याविषयी बोललो आहे. मानधन न घेता पाच दिवस पूर्णवेळ येण्याची आमची तयारी आहे. केळकर संग्रहालयाने किंवा संचालनालयाने बोलावल्यास दालनात काय रेखाटायचे, कोणत्या वयाला कोणते काम द्यायचे आणि साहित्य किती लागेल याचा दिवसवार आराखडा आम्ही आठवडाभरात लेखी देऊ. इतर जिल्ह्यांतील कलाशिक्षकांनीही आपापल्या संग्रहालयाच्या अभिरक्षकांना भेटून अशीच तयारी कळवावी, आणि आपण आपल्या वृत्तपत्रातून या विषयाला जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक, पुणे